सिंफनीचा शेवटचा भाग आधीच्या भागांचं काय देणं लागतो?

केतकी_पुणे
जर्मन संगीतकार ब्राम्सची चौथी सिंफनी (वाद्यवृंदासाठीची चार भागांची मोठी रचना) सध्या सतत ऐकतेय आणि दरवेळी एकाच ठिकाणी अडतेय. पहिला भाग ई मायनरमधला (सा ई, गंधार कोमल), दोन-दोन सुरांचे उसासे टाकत पुढे सरकणारा. दुसरा संथ, हॉर्ननं सुरू होणारा. तिसरा सी मेजरमध्ये (सा सी, गंधार शुद्ध), ट्रँगल खणखणतोय, सगळा वाद्यवृंद उधळलाय. आणि मग चौथा भाग. आठ बारची (बार म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन) एक छोटी ओळ येते आणि तीच ओळ एकामागून एक तीस रूपं घेते. बाखच्या काळातला, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा साचा १८८५ सालच्या सिंफनीच्या शेवटी येऊन बसलाय. ऐकायला थरारक आहे, पण हा चौथा त्या तिघांचा कोण लागतो?

चार वेगवेगळे तुकडे एका वेष्टनात बांधले की झाली सिंफनी, हे मला पटत नाही. पहिल्या भागात जे काही सुरू झालं, उसवलं, अर्धवट राहिलं, त्याची दखल शेवटच्या भागानं घ्यायलाच हवी. शेवट आनंदाचाच हवा असा हट्ट नाही. पण नुसता शेवटचा भाग ऐकला आणि काहीच कमी वाटलं नाही, तर तो भाग त्या सिंफनीचा कसा म्हणायचा?

तुम्हाला असं नातं कुठे कानाला जाणवलंय? नोटेशन वाचता येत नसलं तरी बेधडक लिहा.

मंद्रसप्तक
धागा आवडला. मी ख्याल ऐकत वाढलो, त्यामुळे सुरुवातीला सिंफनी ऐकताना डोक्यात विलंबित-द्रुतचंच चित्र असायचं. बडा ख्याल, मग छोटा ख्याल, शेवटी तराणा. लय चढत जाते आणि राग तोच राहतो. तिथे हा प्रश्नच पडत नाही, कारण नातं रागानं आधीच बांधून दिलेलं असतं.

सिंफनीत ते चित्र फार पुढे जात नाही. बीथोवनची पाचवी घ्या. पहिला भाग सी मायनर, दुसरा ए फ्लॅट मेजर, तिसरा परत सी मायनर, चौथा सी मेजर. म्हणजे मध्येच सा हलतो, परत जागेवर येतो आणि शेवटी त्याच सा वर कोमल गंधाराचा शुद्ध गंधार होतो. माझ्या कानाला त्या सिंफनीची सगळी गोष्ट त्या गंधारात आहे. पहिल्या भागातला कोमल ग कानात मुरलेला नसेल, तर चौथ्यातल्या शुद्ध ग चा उजेड पडत नाही. नुसता चौथा भाग लावला तर मिरवणुकीचं छान संगीत ऐकू येतं, एवढंच.

नाना_डोंबिवली
वाचतोय. 'टॅ टॅ टॅ टॅऽऽ' च्या पुढे आणखी तीन भाग आहेत हे कळायला मला वयाची चाळिशी लागली. पु.भा.प्र. (पुढील भागाच्या प्रतीक्षेत)

ट्रॉम्बोनबाब
मी मूळ मडगावचा. चर्चच्या संगीतशाळेत मेस्तनी (संगीतशिक्षकांनी) सोल्फेजिओ, म्हणजे सूर वाचून गाणं, घोटून घेतलं, आता जर्मनीत एका हौशी वाद्यवृंदात ट्रॉम्बोन हे पितळी वाद्य वाजवतो. केतकीताई, तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर माझ्या खुर्चीतूनच दिसतं.

बीथोवनच्या पाचवीत ट्रॉम्बोन पहिले तीन भाग गप्प असतात. पिकोलो (छोटी बासरी) आणि काँट्राबसूनही (खर्जाचं फुंकवाद्य). तिसऱ्या भागाच्या शेवटी सगळं विझत जातं, व्हायोलिन वगैरे लांब सूर धरून बसतात आणि टिंपनी (मोठे नगारे) अगदी हळू ठोके देत राहते. तिथून थेट, मध्ये श्वास न घेता, चौथा भाग उसळतो आणि आम्ही आत येतो. ध्वनीचा रंगच बदलतो. श्रोत्याला कारण सांगता येणार नाही, पण हा आवाज आधी नव्हता हे अंगाला कळतं.

आणि खरी करामत पुढे आहे. चौथा भाग जोरात असताना मध्येच थांबतो आणि तिसऱ्या भागातली ती दबक्या पावलांची चाल परत येते. म्हणजे जे मागे टाकलं असं वाटलं होतं ते गेलेलं नाही. परत एकदा त्यातून बाहेर यावं लागतं. १८०८ च्या डिसेंबरात व्हिएन्नाच्या लोकांनी हे पहिल्यांदा ऐकलं.

ब्राम्सनं हा धडा गिरवला. त्याच्या पहिल्या सिंफनीत ट्रॉम्बोन थेट चौथ्या भागात. चौथीतही तसंच, ती आठ बारची ओळ येते तेव्हाच आमचं तोंड उघडतं. त्यामुळे चौथा भाग उपरा वाटतो हे खरं, पण तो उपरेपणा त्यानं मुद्दाम राखून ठेवलाय.

नाना_डोंबिवली
तीन भाग गप्प बसायचं आणि मानधन पूर्ण? बाब, तुमच्याकडे जागा निघाली की कळवा.

ट्रॉम्बोनबाब
नानानु, या, पण ऐकून घ्या. अर्धा तास वाद्य गार पडतं, ओठ गार पडतात, आणि मग ब्राम्सच्या पहिलीत पहिलीच ओळ अगदी हळू, उंच सुरात, प्रार्थनेसारखी वाजवायची. मानधन त्या चार ओळींचं असतं.
(आमच्यात तर मानधनच नाही, वर्गणी आम्ही भरतो.)

जुनी_तबकडी
थोडा विरोधी सूर लावतो. हे सगळं बीथोवननंतरचं खूळ आहे आणि आपण ते मागे लावत सुटतो. हायडन-मोझार्टच्या काळात वजन पहिल्या भागावर असायचं. शेवटचा भाग म्हणजे हलकाफुलका, वेगवान, लोकांनी हसत बाहेर पडावं म्हणून. नातं असलंच तर ते विरोधाचं: गंभीर झालं, संथ झालं, नाचून झालं, आता पळा. शंभरावर सिंफन्या लिहिणारा हायडन दरवेळी पहिल्या भागाचं ऋण फेडत बसला असता तर एवढ्या लिहून झाल्या नसत्या.

आणि मला ते आवडतं. प्रत्येक शेवटानं आयुष्याचा जमाखर्च मांडावा ही अपेक्षाच जड आहे. हायडनच्या शेवटच्या भागांत जी निखळ बुद्धी आणि खेळकरपणा आहे, तो माहलरच्या तासाभराच्या घालमेलीइतकाच मोलाचा मानतो मी.

आर्या_बर्लिन
तबकडीकाका, हायडनच्या खेळकरपणाबद्दल +१. पण नातं नव्हतंच, हे मान्य नाही.

हायडनची ४६ वी ऐका, १७७२ मधली, बी मेजर. शेवटचा भाग धावता धावता अडखळतो आणि आधीच्या भागातला मिन्युएट (नाचाच्या ठेक्याचा तुकडा) चक्क परत येतो. बीथोवनच्या पाचवीच्या ३६ वर्षं आधी!

त्याच वर्षीची ४५ वी, 'फेअरवेल', सगळ्यांना गोष्टीमुळे माहीत असते: एस्तेरहाझा राजवाड्यात मुक्काम लांबला, वादकांना घरी जायचं होतं, म्हणून शेवटी एकेक जण वाजवणं थांबवून उठून जातो आणि दोन व्हायोलिनं उरतात. गोष्ट गोड आहे, पण संगीत त्याहून मोठं आहे. पहिला भाग एफ शार्प मायनरमध्ये, अस्वस्थ, कुठेच न टेकणारा. चौथ्या भागाचा झपाटाही त्याच स्वरात आणि तोही मध्येच तुटतो. मग जो संथ निरोप सुरू होतो तो एफ शार्प मेजरमध्ये जाऊन विसावतो. पहिल्या भागानं जी शांतता दिली नाही ती शेवटच्या काही मिनिटांत मिळते, तीही वादक कमी कमी होत असताना.

मोझार्टच्या ४१ वीच्या (१७८८) शेवटच्या भागातले ते चार सूर, सा रे म ग, ज्यांच्यावर पुढे पाच कल्पनांची गुंफण उभी राहते, त्याच वळणाचे चार सूर आधी मिन्युएटच्या मधल्या तुकड्यात ऐकू येतात. आधी कुणाचं लक्ष जात नाही. एकदा गेलं की मग सुटत नाही.

जुनी_तबकडी
४६ वी आणि ४५ वी या दोन अपवादांवर नियम मोडत नाही, आर्या. मोझार्टचे चार सूर तर त्या काळी चर्चसंगीतात सगळीकडे सापडायचे, त्यानं स्वतःही आधी वापरलेत. पण ४६ वी काढून ऐकतो आज रात्री, बरेच दिवसांत ऐकली नाहीये.

सावनी_म
सगळे जण शेवटचा भाग आधीच्यांचं देणं लागतो असं धरून चाललेत. एक उलटं उदाहरण देते: बीथोवनची तिसरी, 'एरोइका'.

शेवटच्या भागातली चाल आधीच तयार होती. १८०१ च्या 'प्रॉमिथिअस' बॅलेमध्ये ती आहे, नंतर पियानोच्या मोठ्या रचनेतही तिच्यावर विस्तार केलाय. सिंफनी त्यानंतरची, १८०३-०४ ची. सुरुवातीच्या टिपणांवरून अभ्यासकांनी असं मांडलंय की बीथोवन शेवटाकडून सुरुवातीकडे आला. शेवटच्या भागात आधी चालही येत नाही, फक्त तिचा खालचा सांगाडा येतो, सा-प-प-सा असा उघडावाघडा. आणि पहिल्या भागाची सुप्रसिद्ध चाल? सा ग सा प. त्याच हाडांवर मांस चढवलेलं!

म्हणजे इथे पहिला भागच शेवटच्याचं देणं लागतो. ऐकणाऱ्याला मात्र ते उलट्या क्रमानं मिळतं. हे वाचल्यापासून मी एरोइकाचा शेवट 'हलका आहे' म्हणणाऱ्यांशी भांडते.

अनामिक_श्रोता
कुणीतरी बोलायला हवं म्हणून बोलतो. बीथोवनच्या नववीचा शेवट मला जोडलेला वाटतो. पहिले तीन भाग जगातल्या सर्वोत्तम संगीतात मोडतात आणि मग अचानक गायक उभे राहतात. ऑपेराकार व्हर्डीनंही १८७८ मधल्या एका पत्रात असंच म्हटलंय: पहिले तीन भाग अद्भुत, शेवटच्यात आवाजांची योजना वाईट. संगीतकार श्पोरला तर तो भाग अजिबात रुचला नव्हता.

आणि पुरावा हा की लोकांनी तो भाग सुटा करून टाकलाच. १९७२ मध्ये कौन्सिल ऑफ युरोपनं त्याला युरोपचं गीत केलं. शाळेच्या बँडपासून मोबाइलच्या रिंगटोनपर्यंत 'ग ग म प प म ग रे' सगळीकडे आहे. पहिल्या तीन भागांची आठवण कुणाला होते?

आर्या_बर्लिन
अनामिक, सुटी केली गेली ती चाल, तो भाग नव्हे. भाग सुरुवातीपासून ऐका. पहिल्याच क्षणी एक किंचाळी, सगळा वाद्यवृंद कर्कश. मग चेलो आणि डबलबास शब्दांशिवाय बोलू लागतात, नाटकातल्या पात्रासारखे. पहिल्या भागाचा तुकडा येतो. ते तो थांबवतात. दुसऱ्याचा येतो, तोही नको. तिसऱ्याचा, तो सुंदर संथ भाग, येतो. त्याला नकार देताना त्यांचा आवाज मऊ होतो. मग आनंदाच्या चालीची चाहूल लागते आणि तेच चेलो-बास होकार देतात.

आधीच्या भागांशी नातं याहून उघडपणे कुणी मांडलंय का? तो तर प्रत्येकाला नाव घेऊन बोलावतो. गायकाचे पहिले शब्द, 'मित्रांनो, हे सूर नकोत', मूळ कवितेचा कवी शिलरचे नाहीत, बीथोवनचे स्वतःचे आहेत, आणि त्या नकाराला पुढ्यात ते तीन भाग नसतील तर अर्थच उरत नाही.

स्वतः बीथोवनच्या मनातही चलबिचल होती. वाद्यांचाच शेवट करायचा म्हणून त्यानं एक चाल डी मायनरमध्ये टिपून ठेवली होती. ती पुढे चार तंतुवाद्यांच्या ए मायनर क्वार्टेटच्या, ओपस १३२ च्या, शेवटी गेली.

मी राहते त्या बर्लिनमध्ये, भिंत पडल्यावर, १९८९ च्या नाताळात संचालक बर्नस्टाईननं हीच नववी केली, 'आनंद' ऐवजी 'स्वातंत्र्य' गाऊन. पूर्ण नववी, नुसता शेवट नव्हे.

अनामिक_श्रोता
तीन भागांना दारातून परत पाठवणं हे नातं असेल तर आहे बुवा. माझं मत कायम. पण चेलो-बासचा मऊ नकार, हे नीट ऐकलं नव्हतं. ऐकतो.

नाना_डोंबिवली
अवांतर: भागांच्या मध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत हा नियम कुणी केला? मुंबईत एका कार्यक्रमात चायकॉव्हस्कीच्या सहावीला तिसरा भाग संपताच मी आणि माझ्यासारख्या निदान शंभर जणांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून जे पाहिलं!

सावनी_म
नानाकाका, तुम्ही एकटे नाही, जगभर तिथेच टाळ्या पडतात आणि तसं वाटावं अशीच ती रचना आहे. तिसरा भाग म्हणजे घोडदौड करणारं संचलन, दणक्यात संपतं. शेवट इथेच असायला हवा होता! आणि मग खरा शेवट सुरू होतो, संथ, विलापाचा, आणि चेलो-बासमध्ये विझून जातो. ऑक्टोबर १८९३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला चायकॉव्हस्कीनं स्वतः ही सिंफनी सादर केली आणि नऊ दिवसांनी तो गेला.

पूर्वी मधल्या टाळ्यांना बंदी नव्हती. मार्च १८९७ मध्ये व्हिएन्नात ब्राम्सच्या चौथीला प्रत्येक भागानंतर लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आजारी ब्राम्स सभागृहातच होता. एप्रिलमध्ये तो वारला.

मंद्रसप्तक
सावनी, सहावीचं नातं आणखी खोल आहे. पहिल्या भागातली ती सुप्रसिद्ध हळुवार चाल डी मेजरमध्ये आहे आणि ती एफ शार्प, ई, डी अशी उतरते. म्हणजे ग रे सा. शेवटचा विलापही एफ शार्प, ई, डी असाच उतरतो, पण आता सा बी वर आहे, त्यामुळे तेच सूर प म ग होतात, गंधार कोमल, आणि चाल आणखी खाली रे सा पर्यंत जाते. मूर्च्छना म्हणतात ती हीच. सूर तेच, आधार सरकला, आणि पहिल्या भागातलं प्रेम शेवटच्या भागात शोक झालं.

शिवाय त्या विलापाची पहिली ओळ पहिली व्हायोलिनं पूर्ण वाजवत नाहीत आणि दुसरीही नाहीत. एक सूर यांचा, एक त्यांचा. चाल फक्त ऐकणाऱ्याच्या कानात जुळते. पुढे ती परत येते तेव्हा मात्र पहिली व्हायोलिनं सलग वाजवतात.

केतकी_पुणे
किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! मूर्च्छनेचा मुद्दा तर मी वहीत उतरवून घेतला. पण माझा ब्राम्स राहिलाच की. बाब, उपरेपणा मुद्दाम राखलाय म्हणालात, एवढ्यावर सोडू नका.

ट्रॉम्बोनबाब
सोडत नाही. मंद्रसप्तकांच्या पद्धतीनं सांगतो, म्हणजे सोपं जाईल. सा म्हणजे ई.

पहिल्या भागाची चाल: प ग, सा ध, म रे, नी प. ग आणि ध कोमल. कधी सूर खाली येतो, कधी वर उडी मारतो, पण उड्या बाजूला ठेवल्या तर ती एक सलग साखळी आहे, दरवेळी एक सूर गाळून खाली उतरणारी.

चौथ्या भागाची ओळ: सा रे ग म, मग तीव्र म, प, प, सा. पायरीपायरीनं चढते. बाखच्या १५० व्या कँटाटाच्या (चर्चसाठीच्या गायनरचनेच्या) शेवटातून घेतलीय, तीव्र मध्यम ब्राम्सनं घातला. म्हणजे पहिला भाग उतरतो, शेवटचा चढतो. पण दोघं ई मायनर सोडत नाहीत.

मध्ये बासरीचा एकटा, धाप लागल्यासारखा तुकडा येतो, तिथे ठेका पसरून निम्म्या वेगाचा वाटतो. त्यानंतर थोड्या वेळानं आम्ही ट्रॉम्बोन मेजरमध्ये प्रार्थना म्हणतो. तिथे वाटतं, आता सुटका. मग मूळ ओळ परत आदळते आणि मेजर गेलं ते गेलं.

आता कान लावा: अगदी शेवटच्या दोन रूपांमध्ये, एकोणतिसाव्या आणि तिसाव्या, चढत्या ओळीच्या वर ती उतरती साखळी परत येते. पहिल्या भागातलीच. संगीतकार शोनबर्गनं हे आवर्जून दाखवलंय. तीस फेऱ्यांच्या शेवटी कळतं की तो उसासा आणि ही कडक ओळ एकमेकांवर बसतात. लगेच वेग वाढतो आणि सिंफनी मायनरमध्येच संपते. ब्राम्सच्या चारही सिंफन्यांत मायनरमध्ये संपणारी ही एकटीच.

जुनी_तबकडी
बाब, सुंदर. केतकीची शंका मात्र जुनी आहे. १८८५ च्या ऑक्टोबरात ब्राम्सनं मित्रांना ही सिंफनी दोन पियानोंवर ऐकवली. पहिला भाग झाल्यावर समीक्षक हान्सलिक म्हणाला की दोन भयंकर हुशार माणसं मला बडवतायत असं वाटत होतं. पुढे ब्राम्सचं चरित्र लिहिणाऱ्या माक्स कालबेकनं तर दुसऱ्या दिवशी सल्लाच दिला: तिसरा भाग टाकून द्या, शेवटचा स्वतंत्र छापा आणि त्याच्या जागी दुसरा काही लिहा. ब्राम्सनं एक सूर हलवला नाही आणि महिना संपायच्या आत माइनिंगेनमध्ये स्वतः उभं राहून सादर केली.

केतकी_पुणे
म्हणजे मी कालबेकच्या रांगेत! आत्ताच परत ऐकलं, यावेळी फक्त शेवटच्या दोन रूपांसाठी. साखळी ऐकू आली. तंतुवाद्यांत एकमेकांच्या मागोमाग येते, घाईघाईत, आणि कळेपर्यंत निघून जाते. मी इतके दिवस नातं सुरुवातीला शोधत होते, कारण बीथोवन नववीत ते दारातच दाखवतो. ब्राम्स निघताना दाखवतो. तरी तिसऱ्या भागाचं काय, हे मला अजून पटलेलं नाही. तो सी मेजरचा धिंगाणा कुणाचं देणं लागत नाही.

नाना_डोंबिवली
शेवटचा प्रश्न. ज्याला शेवटचा भागच नाही त्याचं काय? ब्रुकनरची नववी तीन भागांतच थांबते ना? तिथे देणं कोण फेडतं?

आर्या_बर्लिन
ब्रुकनर १८९६ मध्ये गेला तोपर्यंत चौथ्या भागावर काम करत होता, पानं शिल्लक आहेत, पूर्ण नाहीत. पूर्ण झाला नाही तर माझं 'ते देउम' (चर्चचं स्तुतिगीत) शेवटी गा, असं त्यानं सुचवलं होतं आणि १९०३ च्या पहिल्या प्रयोगात ते तसं झालंही. पण सिंफनी डी मायनरमध्ये आणि 'ते देउम' सी मेजरमध्ये. आज बहुतेक जण तीन भागांवर थांबतात.

ट्रॉम्बोनबाब
आणि माझ्या मते थांबावं. तिसऱ्या भागाच्या शेवटी ब्रुकनर स्वतःच्याच आठवी आणि सातवीतले सूर आणतो, मग हॉर्न आणि वॅगनर ट्यूबा (हॉर्नसारखी पितळी वाद्यं) ई मेजर धरून ठेवतात. कित्येक सिंफन्यांचा हिशोब तिथे होतो.

मंद्रसप्तक
बाब, इथे मी तुमच्या विरुद्ध. ई मेजर कितीही सुंदर असलं तरी सा डी आहे. पहिल्या भागात पंचवीस मिनिटं तो सा कानात भरवलाय त्यानं. जे काही उरलंय त्यावरून केलेले चौथ्या भागाचे आराखडे मी ऐकतो, ओबडधोबड असले तरी, आणि मला ते हवे असतात.